पाऊस येऊन राहिला

‘पाऊस यायचा राहिला’, ‘पाऊस येत राहिला’ आणि ‘पाऊस येऊन राहिला’ ही तीन वाक्ये एकाखाली एक मांडून नागपुरातल्या कोणत्याही शाळकरी मुलास त्यांचा अर्थ विचारला, तर पहिल्यात पाऊस आलाच नाही, दुसऱ्यात तो थांबला नाही आणि तिसऱ्यात तो ह्या घटकेस खिडकीबाहेर पडत आहे, असे तो विचारात न पडता सांगेल; पुण्याच्या मुलास मात्र पहिली दोन वाक्ये तत्काळ उमगतील आणि तिसऱ्यापाशी तो थबकेल. क्रियापद तिन्हीकडे एकच, काळाचे रूपही एकच. बदलले ते फक्त त्याच्या आधीचे धातुसाधित, आणि तेवढ्याने अभाव, सातत्य आणि प्रत्यक्ष वर्तमान इतके परस्परांपासून दूरचे अर्थ एका शब्दाच्या आश्रयास आले. ह्या तिसऱ्या वाक्याला ‘नागपुरी’ म्हणून बाजूला सारण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. तो अन्यायाचा आहे असे मला मनापासून वाटते, आणि तसे का वाटते हे सांगावयाचे तर आधी ‘राहणे’ ह्या क्रियापदाकडेच थोडे निवांतपणे पाहिले पाहिजे.

थांबणे आणि टिकणे ह्या दोन अर्थांच्या मधोमध हे क्रियापद उभे आहे. जी क्रिया चालावयाची ती राहिली, म्हणजे ती खुंटली. जी वस्तू मुळात आहे ती राहिली, म्हणजे ती टिकली. ‘ताप यायचा राहिला’ असे वैद्याला सांगणारी आई आणि ‘ताप अंगातच राहिला’ असे काळजीने म्हणणारी आई ह्या दोघी एकाच शब्दाने उलटसुलट वर्तमान सांगत असतात, तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. ह्या मुळापासून पुढे केवढा विस्तार झाला आहे! गावी राहिला तो वसला, पातेल्यात भात राहिला तो उरला, छत्री घरी राहिली ती विसरली, वर्गात एकटा मुलगा मागे राहिला तो अपयशी ठरला, वहीखात्यात रक्कम राहिली ती बाकी झाली, आणि सुनेला दिवस राहिले तर घरात आनंद झाला. मन आवरत नाही तेव्हा आपण ‘राहवत नाही’ म्हणतो, एखादी आठवण पुन्हापुन्हा दाटून येते तेव्हा ती ‘राहून राहून’ येते, आणि पाहुण्याने पुढे केलेले पैसे नाकारताना ‘राहू द्या’ एवढे दोन शब्द पुरतात. ‘रहिवासी’ आणि ‘राहणीमान’ हे शब्द ह्याच कुळातले. ‘रहदारी’ मात्र नव्हे. तो फारसी ‘राह’ म्हणजे रस्ता ह्यापासून आलेला शब्द असून जुन्या अंमलात मालाच्या ने-आणीवरील जकातीच्या दप्तरांत त्याची वहिवाट होती. ध्वनिसाम्यामुळे तो ह्या कुटुंबातला वाटतो, इतकेच.

इंग्रजीला एवढा पसारा आवरण्यासाठी लिव्ह, स्टे, रिमेन, कीप अशी निरनिराळी क्रियापदे कामास लावावी लागतात. त्यांतले ‘कीप’ विशेष लक्षणीय आहे. राखणे, सांभाळणे, जवळ ठेवणे हे त्याचे रोजचे अर्थ. परंतु ‘कीप रीडिंग’ म्हटले की राखण्याचा अर्थ मागे पडून ‘वाचत राहा’ असा सातत्याचा अर्थ पुढे येतो. पुष्कळ वापरातल्या क्रियापदांचे असे होतेच: जितका वापर अधिक, तितका त्यांचा स्वतःचा भरीव अर्थ झिजतो आणि दुसऱ्या क्रियापदाला हात देण्याचे, म्हणजे साहाय्यक होण्याचे काम त्यांच्याकडे येते. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करून अशा संयुक्त क्रियापदांची जी साक्षेपी चिकित्सा केली, ती वाचताना मराठी धातूंचा हा परोपकारी स्वभाव पानोपानी जाणवतो. देऊन टाकणे, करून बसणे, होऊन जाणे ह्या प्रयोगांत टाकण्याचा, बसण्याचा किंवा जाण्याचा खरा अर्थ कितीसा उरला आहे?

आता नागपूरकडे वळू. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरात, सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांत पश्चिम महाराष्ट्रातून पुष्कळ माणसे अर्ज आणि निवेदने घेऊन येतात. अशा एखाद्या गृहस्थाला दाराशी बसलेला शिपाई म्हणतो, ‘‘साहेब जेवून राहिले भाऊ, बसा जरा.’’ गृहस्थ ऐकतो तो ‘जेवून’ हा शब्द, आणि जेवण आटोपून साहेब आत बसले आहेत अशा समजुतीने तो दार लोटू लागतो. शिपाई त्याला हाताने थोपवून पुन्हा तेच, पण सावकाश सांगतो: ‘‘जेवून राहिले ना भाऊ. आता येतीन.’’ आत कारकून दुसऱ्याला विचारत असतो, ‘‘ते पत्र कुठं गेलं?’’ आणि उत्तर येते, ‘‘शोधूनच राहिलो.’’ गृहस्थाच्या मराठीत ‘ऊन’ प्रत्ययाचे मुख्य काम पूर्वक्रियेची समाप्ती दाखविण्याचे. जेवून गेला म्हणजे आधी जेवला, मग गेला. शिपायाच्या मराठीत ‘जेवून राहिले’ ही दोन पदे मिळून एकच क्रियापद झाले आहे आणि त्याचा अर्थ एकसंध आहे: जेवण ह्या क्षणी चालू आहे. बोलण्याच्या ओघात त्याचे ‘जेवून रायले’ होते, ‘काय करून रायला बे?’ हा प्रश्न तर नागपूरच्या मित्रामित्रांत कुशल विचारण्याच्या जागी येतो, आणि ‘पाऊस नाही येऊन राहिला’, ‘मी तेव्हा वाचून राहिलो होतो’, ‘ती आता स्वयंपाक करून राहिली असन’ अशी नकाराची, भूतकाळाची आणि तर्काची सगळी रूपे त्याला रीतसर चालतात.

ही रूपे चालविण्यात जी शिस्त आहे ती पाहण्याजोगी आहे. ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी पोथी वाचली’ असे म्हणताना सकर्मक धातूचा भूतकाळ कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, हा मराठीचा नियम परप्रांतीयांना शिकताना घाम फोडतो. परंतु ‘राहणे’ हे अकर्मक. म्हणून ‘वाचून राहणे’ ह्या जोडक्रियापदात कर्माची सत्ता संपते आणि कर्त्याची सुरू होते. गोपाळ पोथी वाचून राहिला, राधा ग्रंथ वाचून राहिली, पोरे धडे वाचून राहिली. कोणी न शिकविता, कोणत्याही पुस्तकात न छापता, नागपूरचे चार वर्षांचे मूल हा कर्तरी प्रयोग बिनचूक पाळते. ज्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणावयाचे, तिच्यात नियम नसतो तर ही एकवाक्यता आली कोठून?

भूतकाळाचे रूप घेऊन वर्तमानाची गोष्ट सांगणे हे विपरीत आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तो आक्षेप घेणाराही भूक लागलेली असतानाच ‘मला भूक लागली’ म्हणतो. भूक काल लागून संपली असा त्याचा अभिप्राय नसतो. ‘गाडी फलाटावर लागली’, ‘तो खुर्चीवर बसला आहे’, ‘आई दमली’ ह्या सर्वांत रूप भूताचे आणि स्थिती वर्तमानाची. अवस्थेत प्रवेश झाला, म्हणजे आता त्या अवस्थेत आहे, अशी मराठीची विचार करण्याची जुनी रीत आहे, आणि ‘करून राहिलो’ तिच्याबाहेर एक पाऊलही टाकीत नाही. शिवाय ‘चिकटून राहिला’, ‘दडून राहिला’, ‘जपून राहा’ हे प्रयोग साऱ्या महाराष्ट्राचे आहेत, आणि त्यांत ‘ऊन’ने क्रिया संपलेली नाही, ती चालूच आहे. ह्या बीजाची वाढ नागपूरने केली.

तशी वाढ करण्याची गरज का पडली, ह्याचे उत्तर मराठीच्या साध्या वर्तमानकाळात आहे. ‘मी चहा घेतो’ ह्या वाक्यातून मी रोज चहा घेणारा आहे, आता घोट घेत आहे की थोड्या वेळाने घेईन, हे वाक्याबाहेरच्या संदर्भावाचून कळत नाही. ग्रंथांत ‘घेत आहे’ असते, पण ते तोंडी जड जाते. पुण्या-मुंबईकडे त्यावर जी तोड निघाली ती ‘घेतोय’ ही होय: ‘घेतो’ आणि ‘आहे’ ह्यांचा संकोच होऊन ते रूप बनले. नागपूरची तोड ‘घेऊन राहिलो’ ही. एकाने ‘असणे’ मदतीस घेतले, दुसऱ्याने ‘राहणे’; प्रयोजन एकच, योग्यता एकच, आणि दोन्ही रूपे बोलीतूनच जन्मलेली. ‘घेतोय’ला मात्र कथा-कादंबऱ्यांच्या संवादांत, नाटकांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मानाने प्रवेश मिळाला आणि ‘घेऊन राहिलो’ वेशीवर उभे राहिले. ह्याचे कारण व्याकरणात शोधून सापडणार नाही. ते इतिहासात आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. मराठी कोणती प्रमाण मानावी ह्याचा निवाडा ज्या दशकांत मुंबई इलाख्यात होत होता, त्या दशकांत नागपूर त्या इलाख्यात नव्हते, ते भोसल्यांच्या राज्याची राजधानी होते. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली औरस पुत्रावाचून वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचे मुख्य ठाणे झाले. त्या प्रांतात जबलपूर, रायपूर, सागर हे हिंदी मुलूख आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी मुलूख एका दप्तराखाली नांदत होते. १९०३ साली वऱ्हाडही त्याला जोडला गेला. १८६७ साली मुंबईकडून रेल्वे आली, १८७७ च्या पहिल्या जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कोष्टी, हलबा, छत्तीसगडी, मारवाडी, तेलुगू अशा नानाविध लोकांची वर्दळ इतवारी आणि महालाच्या गल्ल्यांतून वाढत गेली. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर, नागपूरच्या कारकुनाने, वकिलाने आणि दुकानदाराने सकाळी मराठी आणि दुपारी हिंदी बोलावयाचे, हा शिरस्ताच होता.

हिंदीत ‘कर रहा हूँ’ हा चालू काळ आहे. त्यातले ‘कर’ हे ‘करून’ ह्याच अर्थाचे आणि ‘रहा’ म्हणजे ‘राहिला’. शेजाऱ्याची ही घडण नागपूरच्या कानावर रात्रंदिवस पडली आणि ती मराठीत उतरली, असे सामान्यतः मानले जाते, आणि ते मानण्यास मला काही अडचण दिसत नाही. मात्र उतरताना एकही परका शब्द आत आला नाही, हे ध्यानात घ्यावे. ‘कर’च्या जागी ‘करून’ आले, ‘रहा’च्या जागी ‘राहिला’ आले. साचा शेजारचा, पण पीठ घरचे. हीच घडण नागपूरपुरती मर्यादितही नाही. खानदेशात अहिराणी बोलणारा ‘काय करी ऱ्हायना?’ असे विचारतो, गुजरातीत ‘करी रह्यो छुं’ म्हणतात, पंजाबीतही ‘रहणे’च चालू क्रियेचा भार वाहते. पंजाबपासून गुजरात, खानदेश, वऱ्हाड ह्या वाटेने नागपूरपर्यंत पसरलेल्या एका विशाल पट्ट्याचे हे सामाईक धन आहे, आणि मराठीच्या पूर्वेकडील मुलखाने त्यातला आपला वाटा उचलला, ह्यात कमीपणा कसला?

भूगोल आणखी ताणला तर नवल अधिकच वाढते. जपानी भाषेत ‘खाणे’ ह्या अर्थाचे क्रियापद ‘ताबेरु’. त्याचे ‘खाऊन’ ह्या अर्थाचे रूप ‘ताबेते’, आणि सजीवांच्या असण्या-राहण्याचे क्रियापद ‘इरु’. ‘मी खात आहे’ हे जपानी मनुष्य ‘ताबेते इरु’ असे म्हणतो, म्हणजे शब्दशः नागपूरचे ‘खाऊन राहणे’. हिंदीचा वारा ज्या बेटांना लागला नाही तेथेही मानवी बुद्धीने तीच युक्ती योजली. स्पॅनिशमध्ये चालू क्रिया ज्या ‘एस्तार’ने दाखवितात ते लॅटिन ‘स्तारे’पासून आले, आणि ‘स्तारे’चा अर्थ आहे उभे राहणे. स्थिरतेच्या शब्दाने गतीचे चित्र रेखाटावे, ही प्रवृत्ती एखाद्या गावाची खोड नसून भाषामात्राचा स्वभाव दिसतो.

आणि ज्या इंग्रजीच्या चालू काळाचे कोष्टक आपण मुलांकडून घोकून घेतो, ती तरी ह्या बाबतीत आरंभापासून सुस्थिर होती काय? शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पुस्तकात डोके घातलेल्या राजपुत्राला पोलोनियस ‘काय वाचीत आहात’ असे विचारतो, तेव्हा तो आजचे ‘इंग’ लावलेले रूप वापरीत नाही. साध्या वर्तमानकाळातच विचारतो, आणि त्या काळी ते सर्वस्वी बरोबर होते. पुढे ‘घर बांधले जात आहे’ ह्या अर्थाची ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक विद्वानांनी तिला ग्राम्य आणि असह्य ठरवून तिच्यावर कडाडून टीका केली. आज तीच रचना नागपूरच्या प्रत्येक शाळेत शुद्ध इंग्रजी म्हणून फळ्यावर लिहिली जाते, आणि तिच्याच शेजारच्या तासाला मराठीच्या वहीतले ‘खेळून राहिला’ तांबड्या शाईने खोडले जाते.

परीक्षेत प्रमाणभाषा लिहावी, शासकीय पत्रव्यवहार प्रमाणभाषेत व्हावा, ह्याविषयी माझा वाद नाही; दूरदूरच्या माणसांना एकमेकांचे लेखन कळावयाचे तर एक समाईक रूप हवेच. वाद आहे तो ‘चूक’ ह्या शब्दाशी. शिक्षकाने मुलाला ‘हे चुकीचे मराठी’ असे सांगण्याऐवजी ‘आपण बोलताना खेळून राहिला म्हणतो, पुस्तकात खेळत आहे लिहितात’ असे सांगितले, तर मूल दोन्ही शिकेल आणि आईच्या बोलण्याची त्याला लाज वाटणार नाही. इंग्रजीच्या तासालाही ह्याचा उपयोग आहे. ‘आय प्ले’ आणि ‘आय ॲम प्लेइंग’ ह्यांतला भेद नागपूरच्या मुलाच्या जिभेवर आधीच आहे: मी खेळतो, मी खेळून राहिलो. पुस्तकी ‘मी खेळत आहे’च्या आडवाटेने त्याला तेथे नेण्याचे कारणच नाही. इतकेच नव्हे, ‘उद्या मी मुंबईला जाऊन राहिलो’ असे म्हणून तो ठरलेल्या भविष्याची गोष्ट चालू काळात सांगतो, तेही हुबेहूब इंग्रजांप्रमाणेच. तिकीट काढलेले आहे, बेत पक्का आहे, जाणे जणू आजच सुरू झाले आहे.

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी ह्यांची दखल घेतली गेली. उद्धव शेळक्यांनी १९६० च्या ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी बोलीला दुःखाचे आणि जिद्दीचे केवढे सामर्थ्य आहे हे दाखवून दिले. त्याही आधी, तेराव्या शतकात, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जाणारा म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा ज्या रिद्धपुरात सिद्ध झाला ते अमरावती जिल्ह्यात आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विष्णु भिकाजी कोलते ह्यांनी त्या ग्रंथाचे संपादन केले, आणि आता रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. ज्या मातीत मराठी गद्याने पहिले पाऊल टाकले, तेथल्या माणसाला ‘तुझे मराठी बिघडलेले’ असे ऐकवताना निदान एवढे स्मरण असावे.

एक शंका राहते. ज्या धातूंचा अर्थच स्थितीचा, त्यांचे काय? ‘तो बसून राहिला’ ह्याचा अर्थ ‘बसण्याची क्रिया चालू आहे’ असा घ्यावा की ‘बराच वेळ हलला नाही’ असा? नागपूरकर येथे सहसा ‘बसून आहे’, ‘झोपून आहे’ असे म्हणून मोकळा होतो आणि ‘बसून राहिला’ हे सातत्यासाठी राखतो. घोटाळा होण्याजोगी जागा बोलीनेच ओळखून वेगळी केली आहे. खुद्द ‘राहणे’ ह्याच धातूचा चालू काळ करावयाचा झाला तरी तो अडत नाही. रामदासपेठेत वडिलोपार्जित घर असलेला मनुष्य ‘मी रामदासपेठेत राहतो’ म्हणतो. भंडाऱ्याहून शिकावयास आलेला, खोली भाड्याने घेतलेला आणि पुढल्या वर्षी कदाचित दुसरीकडे जाणारा विद्यार्थी ‘सध्या रामदासपेठेत राहून राहिलो’ म्हणतो. पहिल्या ‘राहून’मध्ये वास्तव्य आहे, दुसऱ्या ‘राहिलो’मध्ये केवळ काळ, आणि घरमालकाला भाडेचिठ्ठी न पाहताही दोघांतला फरक कळतो.